दवाखान्यासमोरची मोकळी माती

मुकादमबाईंच्या घरात दोघेजण मातीवर जगायचे. आई माती मोकळी करायची आणि मुलगा माती दाबायचा. बाई बागखात्यात मुकादम होत्या. रस्त्याकडेच्या झाडांची मुळं मोकळी करणारी एक टोळी त्यांच्या हाताखाली होती. मुलगा एका ठेकेदाराकडे रोलर चालवायचा, फुटपाथ आणि गल्लीबोळांसाठी असतो तसला छोटा. बाईंचे यजमान शिंपी. ते खिडकीशी मशीन मांडून बसायचे आणि सकाळी दोघांचे डबे भरले जात असताना रोज तेच बोलून रोज स्वतःच हसायचे, "एक निघाली उकरायला, एक निघाला दाबायला. म्हणजे संध्याकाळी शहर होतं तिथंच. त्यापेक्षा मी बरा, निदान एक विजार तरी पुरी होते."

"तुमची विजार गिऱ्हाईक परत घेऊन येतं," बाई म्हणायच्या. "माझं झाड अजून कुणी परत आणलेलं नाही."

बाईंचं तोंड असं फटकळ होतं. खात्यात त्या लागल्या तेव्हा पाण्याच्या गाडीमागे पाइप धरून चालायचं काम होतं. पुढे गवत काढलं, रोपवाटिकेत पिशव्या भरल्या, फांद्या वाहिल्या. मग खात्यानं एक मोठा कॉम्प्रेसर घेतला आणि तो कसा वापरायचा हे शिकायला कुणीतरी पाठवायचं ठरलं. धुळीचं काम म्हणून पुरुषांनी अंग चोरलं, बाईंनी हात वर केला. परत आल्या त्या डोक्यात एकच गोष्ट घेऊन: झाडाचं दुखणं वर नसतं, खाली असतं.

"शहरातल्या झाडाखाली माती असते कुठं?" त्या भेटेल त्याला ऐकवायच्या. "विटांचा चुरा असतो, सांडलेलं सिमेंट असतं, आणि वर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्या. जमीन दगडासारखी होते. पाणी घातलं तर वाहून जातं, हवा तर जातच नाही. मुळांनाही श्वास लागतो हो. तो मिळेना की ती बिचारी वर येतात, फरशा उचकटतात, आणि लोक म्हणतात झाड माजलंय. माजलंय कसलं? गुदमरलंय."

काम सांगायला सोपं होतं. कॉम्प्रेसरला जाड नळी लावायची आणि तिच्या तोंडातून हवेचा झोत जमिनीवर मारायचा. कुदळीनं मूळ तुटतं, हवेनं नुसती माती उडते आणि मुळं उघडी पडतात. बुंध्यापासून बाहेरच्या बाजूला, चाकाच्या आऱ्यांसारखे चर काढायचे. त्यांत कुजलेल्या पाल्याचं खत, लाकडाचे बारीक तुकडे आणि थोडा कोळशाचा चुरा घालायचा, वर तुकड्यांचा जाड थर पसरायचा, पण तो बुंध्याला चिकटू द्यायचा नाही. एखादं मूळ बुंध्याभोवतीच वळसा घालून बसलेलं असतं, झाड जाड होत गेलं की त्याचाच फास बसतो. ते छिन्नीनं हळूच तोडायचं. पहिल्यांदा सळई जमिनीत खुपसून बघायची. ती बोटभर जाऊन अडली तर जमीन मेलेली. काम झाल्यावर तीच सळई कोपरापर्यंत जायची, आणि तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर जे यायचं ते टोळीतल्या लोकांनी त्यांच्या चेहऱ्यावर दुसऱ्या कशानं आलेलं पाहिलं नव्हतं.

एक गोष्ट सोडून. मुलगा.

हा मुलगा एकुलता. अभ्यासात बेताचा, स्वभावानं गरीब, आणि नाही म्हणता न येणारा. आधी मित्राबरोबर मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढलं. मित्रानं गिऱ्हाइकांसकट दुकान आपल्याकडं ओढून घेतलं. मग घरोघर सामान पोचवायची नोकरी धरली. मोटरसायकल पडली, पाय मोडला, नोकरी गेली. पाय जुळला, पण मुलगा उठेना. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. जेव म्हटलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठून बसायचा, आणि आईची पाठ वळली की पुन्हा आडवा. बाई त्या दिवसांत कामावर असताना मध्येच नळी दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आणि शेजारणीला फोन लावून विचारायच्या, "जरा आमच्या खिडकीतून डोकावून बघता का? काही नाही, सहजच." सहज काही नसायचं. त्यांना काय वाटत असायचं ते शेजारणीला कळायचं, पण दोघींनी ते तोंडानं कधी उच्चारलं नाही.

मग बाईंनी एका ठेकेदाराच्या इतक्या मिनतवाऱ्या केल्या की त्यानं कंटाळून पोराला रोलरवर बसवला. आणि काय आश्चर्य, पोरगा त्या यंत्रावर उभा राहिला! शिट्टी वाजवत घरी यायला लागला. टोळीतल्या पोरांनी त्याला दाब्या नाव ठेवलं, बाईंना ते आवडलं नाही, त्याला आवडलं. "दाब्या म्हणजे दाबात ठेवणारा, आई." बाई त्याला सोन्या म्हणायच्या ते म्हणायच्याच.

दवाखान्याचा रस्ता बाईंना मिळाला तो उन्हाळा लागायच्या आधी. एका टोकाला दवाखाना, दुसऱ्या टोकाला शाळा, दोन्ही बाजूंना जुनी झाडं. सगळ्यांचे शेंडे वाळलेले, पानं तळहाताएवढी असायची ती रुपयाएवढी झालेली. ही झाडं काढून टाकावीत असं ठरतच आलं होतं. बाईंनी एक संधी मागितली. मिळाली. सगळ्यात वाईट झाड दवाखान्यासमोरचं. त्याच्या बुंध्याला मुळाचा फास बसलेला. बाईंनी ते स्वतः गुडघ्यावर बसून तोडलं.

दवाखान्याचा कंपाउंडर सुरुवातीला भांडायला आला. "बाई, तुमची धूळ माझ्या बाटल्यांत चाललीय! पेशंट खोकायला लागले."

"खोकणारेच येतात ना तुमच्याकडं? मग गिऱ्हाईक वाढलं म्हणा."

कंपाउंडर हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं टोळीला बसायला बाक बाहेर काढून दिलं, आणि पुढे बाईंना डॉक्टरीणबाई म्हणायला लागला. पालवी फुटली तेव्हा पहिली खबर त्यानंच दिली. पानं मोठी होती, गर्द होती, आणि वाळल्या शेंड्यांच्या खालून नवे फुटवे आले होते. "पेशंट आता आत थांबत नाहीत, झाडाखाली थांबतात. डॉक्टर म्हणाले, ही बाई आपला धंदा बसवणार."

बाईंनी ते घरी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागल्या तेव्हा यजमान म्हणाले, "अगं, पाठ झालं आता."

आणि मग त्याच रस्त्याला नवा फुटपाथ मंजूर झाला. दवाखान्यासमोर गाड्या लावायला जागा होणार होती: जुन्या जमिनीवर मातीचा नवा भराव, त्यावर खडी, वर सिमेंटचे ब्लॉक. ठेका मिळाला तो मुलाच्या ठेकेदाराला.

बाई रस्तेखात्याच्या साहेबांना भेटायला गेल्या. हा तरुण इंजिनीअर, मुलापेक्षा थोडा मोठा असेल. बाई भांडायच्या तयारीनं गेल्या होत्या, आणि त्यानं त्यांना भांडूच दिलं नाही.

"बाई, पेशंटच्या गाड्या कुठंतरी लागायलाच हव्यात. पण झाडाचा घेर मी सोडतो. तुमच्या खात्याकडून दोन ओळी पाठवा आणि घेर आखून द्या, मी नकाशात बदल करून घेतो. थोडे दिवस जातील. तोवर शाळेच्या बाजूनं काम सुरू करतो, मग तर झालं?"

झालं होतं. खरं तर सगळं तिथंच झालं होतं. पण त्या दोन ओळींसाठी बाईंना आपल्या वरच्या साहेबांपुढं उभं राहायला हवं होतं, आणि ते साहेब म्हणजे हातमोजे मागितले तर फावडी पाठवणारे. शिवाय त्यांना आधीपासूनच बाईंचा कॉम्प्रेसर, बाईंचं कौतुक, सगळंच टोचत होतं. बाई परत येताना बसमध्ये मनाशी म्हणत होत्या, त्यांच्या दारात कशाला जायचं? रोलरवर माझाच पोरगा आहे. घरच्या घरी होण्यासारखं आहे हे.

त्या संध्याकाळी मुलगा हातपाय धुऊन ओट्याशी चहा घेत उभा होता.

"सोन्या, तुमचं काम दवाखान्यासमोर कधी येणार?"

"शाळेकडून सुरू करा म्हणालेत. पण आमचा शेठ ऐकणार नाही, त्याची खडी दवाखान्यापाशी पडलीय. का गं?"

"तिथं जरा हलक्या हातानं फिरव."

मुलाला हसू आलं, चहा ठसकला. "आई, रोलर आहे तो. लाटणं नाही."

"मला अक्कल शिकवू नकोस. तो थरथरतो त्याचं बटण असतं ना? तेवढ्यापुरतं ते बंद ठेव."

मुलानं कप खाली ठेवला. "थरथर बंद ठेवली तर नुसतं वरून गुळगुळीत होईल. आत पोकळ राहील."

"पोकळच हवंय मला."

"आणि वर गाडी उभी राहिली की?"

"अरे, पेशंटच्या गाड्या त्या. घटकाभर थांबणार आणि जाणार. रणगाडे का लागणार आहेत तिथं?"

"तसं नसतं ते. एकतर पुरं दाबायचं, नाहीतर तो तुकडा सोडून द्यायचा. मधलं काही नसतं. साहेबांना सांगून सोडायला लाव ना."

"साहेब, साहेब! तुझ्या त्या साहेबांचा कागद येईपर्यंत तुमचा शेठ सगळं दाबून मोकळा होईल. उन्हाळाभर माती खाल्लीय मी तिथं, सोन्या. माझ्यासाठी एवढं कर."

खिडकीतून यजमान म्हणाले, "अगं, त्याला त्याचं काम करू दे की."

"तुम्ही काजं करा."

मुलानं कप विसळून पालथा घातला आणि "बरं" म्हणाला. त्याच्या या "बरं"पायी मित्रानं दुकान गिळलं होतं, हे बाईंना ठाऊक होतं. पण ते बाहेरच्यांच्या बाबतीत, आपण आई.

त्यानं सांगितल्यासारखं केलं. झाडाच्या घेरातच नव्हे, दवाखान्याच्या दारापासून वळणापर्यंत सगळा तुकडा त्यानं थरथर बंद ठेवून दाबला. मध्येच चालू-बंद केलं असतं तर आवाजातला फरक ठेकेदाराच्या कानावर गेला असता. जमीन कशी दाबली गेली ते तपासायला माणूस आला, त्यानं शाळेपाशीच दोन ठिकाणी बघितलं आणि सही करून गेला. ब्लॉक बसले. बाई सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जाऊन त्यावरून चालून आल्या. सरळ, सुबक काम. झाड भरगच्च उभं होतं. "गुण आहे हो माझ्या पोराच्या हाताला," त्या घरी येऊन म्हणाल्या. मुलानं मान वर केली नाही.

पाऊस अर्धा होऊन गेल्यावर दवाखान्यासमोर एक खळगा दिसायला लागला. ब्लॉकच्या फटींतून पाणी आत मुरत होतं, आणि खालची न दाबलेली माती त्याबरोबर बसत होती. आधी परातीएवढा होता, मग आंघोळीच्या टबाएवढा झाला. कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टरीणबाई, झाडाला न्हाणीघर बांधून दिलंत वाटतं!" बाई हसल्या, पण वाकून खळग्यात हात घालून तो किती खोल आहे ते बघितलं. घरी येऊन त्यांनी मुलाला सांगितलं.

मुलाचा चेहरा उतरला. "आई, आत्ताच्या आत्ता साहेबांना सांगू या. दोरी बांधून तेवढी जागा बंद करतील, उकरून पुन्हा करतील."

"आणि विचारलं असं का झालं, तर?"

"तर सांगू."

"काय सांगू? तुझी नोकरी जाईल. पाऊस संपू दे. पाणी आटलं की मी टोळी लावून भरून टाकते, कुणाला कळणारही नाही."

पुन्हा एकदा "बरं".

पाऊस संपला नाही. दवाखान्याची पाण्याची मोटर जळाली म्हणून पाण्याचा टँकर मागवला गेला. तो मागे येत होता आणि कंपाउंडर झाडाशी उभा राहून हातानं खुणा करत होता, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे." मागचं चाक खळग्यात गेलं आणि जमिनीनं ते गिळलं. भरलेला टँकर झाडावर कलंडला. झाडानं तो धरला, नाहीतर दवाखान्याची भिंत गेली असती. पण खोड एका बाजूनं सोलून निघालं, त्या बाजूची जाड मुळं तुटली, आणि टँकरची कड आणि झाड यांच्यात कंपाउंडरचा उजवा हात सापडला. हात वाचला. पुढे प्लास्टरही निघालं. पण वरच्या फळीवरची बाटली त्याला त्या हातानं पुन्हा कधी काढता आली नाही.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक उचलून सगळा तुकडा खणला. रस्त्याचे साहेब, ठेकेदार, मुलगा, आणि आपले चर कुठं होते ते दाखवायला टोळीसह मुकादमबाई. ठेकेदार आधीच ओरडत होता, "बागखात्यानं जमिनीचा भुगा करून ठेवलाय, त्यात माझा काय दोष?"

साहेबांनी बाईंच्याच सळईनं जमीन तपासली. चरांत सळई सहज गेली, ते समजण्यासारखं होतं. पण चरांच्या बाहेर, जिथं टोळीनं कधी हात लावला नव्हता, तिथंही नव्या भरावात ती सहज जात होती. साहेबांनी सळई पुसली आणि मुलाला विचारलं, "थरथर चालू होती?"

"नाही साहेब."

ठेकेदार अंगावर धावून आला. "मोबाइल बघत बसला असशील! दयेपोटी ठेवला याला. मला आधीच कळायला हवं होतं!"

"थांबा हो," साहेब म्हणाले. "का बंद ठेवलीस? कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. कंटाळा केला."

"कुणी सांगितलं होतं का?" साहेबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, पण या वेळी ते मुलाकडं बघत नव्हते. ते बाईंकडं बघत होते.

बाईंच्या डोक्यात तेव्हा जे झरझर फिरलं ते कुठल्याही घर चालवणाऱ्या बाईच्या डोक्यात फिरलं असतं. याची नोकरी तर गेलीच. मी तोंड उघडलं तर माझीही जाईल. मग खिडकीतल्या मशीनवर तीन माणसं जगणार कशी? एकानं तरी टिकायला हवं. मी टिकले तर याला पुन्हा कुठंतरी चिकटवीन. हे सगळं त्यांना इतकं शहाणपणाचं वाटलं की त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. टोळीतला कॉम्प्रेसरवाला खाली बघत होता. मुलगा खड्ड्याकडं बघत होता. आईकडं त्यानं बघितलंच नाही, तिला अवघड जाऊ नये म्हणून.

"बरं," साहेब म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मुलाला त्याच दिवशी काढून टाकलं. ठेकेदारानं बाकीच्या ठेकेदारांना फोन करून सांगितलं, त्यामुळे दुसरीकडं रोलर मिळायची वाट बंद झाली. पोरगा पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडायला लागला. बाई कामावरून आल्या की त्याच्या पाठीकडं बघत उभ्या राहायच्या, श्वासाबरोबर सदरा हलतो का ते बघायच्या, आणि मग स्वयंपाकाला लागायच्या. एके दिवशी यजमान मशीन थांबवून म्हणाले, "मी तिथं असतो तर बोललो असतो."

"तुम्ही तिथं नव्हता."

"नव्हतो," ते म्हणाले, आणि पुन्हा पाय मारायला लागले. त्यानंतर सकाळचा विनोद बंद झाला.

इकडं खात्यात वरच्या साहेबांना आयतंच मिळालं. रस्त्याच्या कडेला माती मोकळी करायची नाही असा हुकूम निघाला. कॉम्प्रेसर गोदामात गेला. दवाखान्याच्या रस्त्यावर जिथं जिथं चर होते तिथं पुन्हा खडी भरून पक्कं दाबायचं ठरलं, आणि चर कुठं आहेत हे बाईंशिवाय कुणाला सांगता येणार? त्यांनी घमेल्यात चुना घेऊन एकेका झाडाभोवती आखणी करून दिली. मागून रोलर येत होता. ठेकेदाराचा नवा माणूस कानात काहीतरी गाणं लावून तो चालवत होता, थरथर चालू. बाई दोन झाडं पुढं असूनही त्यांच्या पायांना ती कळत होती.

दवाखान्यासमोरचं झाड तोडायचं ठरलं. एका बाजूची मुळं गेलेली, ते वाऱ्यात टिकलं नसतं. याबद्दल बाईंनाही काही बोलता येण्यासारखं नव्हतं. खोड आडवं झाल्यावर बुंधा साखळी लावून उपटला. मोडलेल्या बाजूला काहीच नव्हतं. दुसऱ्या बाजूला, जिथं उन्हाळ्यात खत भरलं होतं, तिथं मातीच वर आली नाही. वर आली ती मुळांची जाळी. केसांसारखी बारीक, टोकांना पांढरीशुभ्र, इतकी दाट की माती तिच्यात विणल्यासारखी धरून बसली होती. कामगारांनी ती फावड्यानं झोडपून काढायला सुरुवात केली. बुंधा जड होत होता त्यामुळे.

बाई बाजूला झाल्या. रस्त्याचे साहेब पलीकडं गाडीशी उभे होते. बाई त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, थरथर बंद ठेव असं त्याला मी सांगितलं होतं. त्यानं नाही म्हटलं होतं. मी ऐकलं नाही."

साहेबांना नवल वाटलं नाही. "मला त्याच दिवशी कळलं होतं, बाई. तुम्हा दोघांचं आडनाव एकच आहे, आणि कंटाळा करणारा माणूस एवढा लांब तुकडा एकसारखा दाबत नाही. मी दोनदा विचारलं."

"मला वाटलं माझीही नोकरी जाईल."

"कशानं जाईल?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट थकलेला होता. "झाडाच्या आसपास बागखात्याच्या मुकादमाचं ऐकायचं, हा नियमच आहे. तुम्ही एवढंच म्हणाला असतात की मी सांगितलं, तर तुम्हाला एक ताकीद मिळाली असती. आणि तो सुटला असता. त्यानं हुकूम पाळला असं झालं असतं ना. ठेकेदाराला त्याला हात लावता आला नसता."

"मग आता लिहा तसं."

"अहवाल केव्हाच वर गेला. सही झाली. आता तुम्ही लिहून दिलंत तर विचारतील की तेव्हा गप्प का होता, आणि मग मात्र खरंच तुमची नोकरी जाईल. त्याला काही मिळणार नाही ते नाहीच." ते गाडीत बसले आणि काच अर्धी खाली करून म्हणाले, "दोन ओळी मागितल्या होत्या मी."

बाई घरी आल्या. यजमान गिऱ्हाइकाकडं कपडे पोचवायला गेले होते. हे सांगायचं की नाही यावर त्यांनी बसमध्ये विचार केला, जिन्यात केला, आणि आत शिरल्यावर चप्पल काढायच्या आधी सांगून टाकलं. एकदा न बोलून काय झालं ते समोर पडलेलं होतं.

मुलगा उठून बसला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तू नुसतं 'मी सांगितलं' म्हणाली असतीस तर..."

"हो."

"तेवढंच?"

"तेवढंच."

तो हसला. कडवटपणे नाही, खरंच हसू आल्यासारखा. "मी एवढी तयारी करून गेलो होतो, आई. रात्रभर घोकत होतो, आईचं नाव निघता कामा नये. खड्ड्याकडं बघत होतो ना, तर मनात एकीकडं वाटत होतं, आता ही बोलेल. आणि दुसरीकडं वाटत होतं, बोलली तर मी म्हणेन खोटं बोलतेय." मग हळू आवाजात म्हणाला, "बाबांना सांगू नकोस हे नियमाचं. ते तुला बोलत राहतील."

थोड्या दिवसांनी तो गेला. दूरच्या शहरात बंदराजवळ मोठमोठे कंटेनर ठेवायची मैदानं बांधतात, तिथं रोलरवर माणूस हवा होता आणि कुणी मागचं विचारत नव्हतं. बाईंनी दोन सदऱ्यांची बटणं पक्की करून दिली. शिंप्याच्या घरात हे काम यजमानांचं, पण त्या दिवशी त्यांनी करू दिलं.

बाईंची बदली रोपवाटिकेत झाली. तिथं त्या पिशव्यांत माती भरतात, पहिल्यासारख्या. त्यांच्या हाताखाली आता कुणी नाही. दवाखान्याच्या रस्त्यानं त्या जात नाहीत, पण कंपाउंडर एकदा बाजारात भेटला. डाव्या हातात पिशवी घेऊन तो स्वतःहून थांबला. म्हणाला, शाळेकडची झाडंही आता वरून वाळायला लागलीत. आणि मग, जणू काही विसरल्यासारखं, "पेशंट आत बसतात हल्ली," एवढं बोलून पुढं गेला. डॉक्टरीणबाई म्हणाला नाही.

मुलाचा फोन सुट्टीच्या दिवशी येतो, वडिलांच्या मोबाइलवर. वडील आधी बोलतात, हवा कशी, जेवण कसं, पाय दुखतो का. आणि मग मोबाइल बाईंच्या हातात देऊन मशीनकडं वळतात. बाई दर वेळी विचारायचं ठरवतात आणि विचारत नाहीत. मागच्या वेळी धीर करून म्हणाल्या, "काम जमतंय ना रे, सोन्या? कुणी त्रास देत नाही ना?"

"नाही गं. सरळ काम आहे," तो म्हणाला. मागं यंत्राचा आवाज येत होता. सुट्टीच्या दिवशीही तिथं काम चालू होतं. "नजर जाईल तिथपर्यंत सपाट. इथं एकही झाड नाही, आई. कुणी काही सांगायला येत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.